वेंकूबाईंच्या अंगणातला सोपानपट

राजवाड्यामागच्या गल्लीत घरात काय शिजलं ते बाहेर सांगत नाहीत. दृष्ट लागते. जेवताना दार लोटून घेतात. उष्टी केळीची पानंसुद्धा आतल्या बाजूला दुमडून टाकतात, कावळ्यालाही कळू नये. तंजावूरचं राज्य खालसा होऊन पिढ्या सरल्या, पण ही रीत राहिली. उलट अधिकच घट्ट झाली. पूर्वी पानात खूप असे म्हणून झाकत. आता फारसं नसे म्हणून झाकत.

आणि मुलींच्या शाळेतल्या वेंकूबाई रोज सकाळी वर्गाला पहिला प्रश्न तोच विचारत.

"काल रात्री काय जेवलात गे?"

राजम मद्रासहून बी.ए. होऊन परत आली, तेव्हा गल्ली या प्रश्नानं अस्वस्थ झाली होती. राजमचा विषय साहित्य. लग्न जुळत नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं. तिचे काका सूर्यनारायणराव वकील होते, शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरीही होते. त्यांनी तिला वेंकूबाईंच्या हाताखाली मदतनीस म्हणून लावून दिलं.

"डोळे उघडे ठेव," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "बाई चांगली आहे. पण लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"तेच तर बघायचंय गे."

लोक बरंच काही बोलत. कोणी म्हणे, मिशनवाल्यांनी तिला फितवलंय. आधी पोरींचं खाणं बदलणार, मग देव बदलणार. कोणी म्हणे, सरकारला कळवते, कोणाच्या घरात किती भात आहे ते. नवा कर बसणार आहे. तांदळाच्या गिरणीवर बसणारे म्हणत, कांडपवाल्या बायकांनी तिला हाताशी धरलंय. यातलं काय खरं ते कोणी विचारायला जात नसे. विचारलं तर ती उलट विचारेल, काल काय जेवलात, ही भीती.

वेंकूबाई विधवा होत्या. लग्न कळायच्या आधीच नवरा गेला. भावानं हट्टानं शिकवलं, कुंभकोणमला ट्रेनिंगला पाठवलं. रीतीप्रमाणे वपन न करता त्यांनी केस राखले होते. मागे घट्ट आंबाडा, अंगावर फिकट तपकिरी लुगडं. शाळेच्या मागच्या खोलीत राहत. दिवसातून एकदाच जेवत, तेही आपल्या हातचं. राजमला पहिल्यांदा खटकलं ते हेच. जी बाई स्वतः एकदा जेवते, ती दिवसभर दुसऱ्यांच्या जेवणाबद्दल का बोलते?

राजमनं चार वर्षं कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्यांत कोणी उगाच काही करत नसे. प्रत्येक गोष्टीमागे दुसरी गोष्ट असे.

शाळेच्या अंगणात वेंकूबाईंनी रांगोळीनं भला मोठा सोपानपट काढला होता. वैकुंठ एकादशीला घरोघरी कापडावर खेळतात तोच सापशिडीचा पट, खाली माती आणि वर वैकुंठ. फक्त पाप-पुण्यांच्या जागी खाण्याचे पदार्थ. सोंगट्या नव्हत्या. मुलीच सोंगट्या. लांब पितळी फासे खणखणत पडायचे आणि परकर सावरत मुली घरं मोजत उड्या मारायच्या. शेवग्याच्या पाल्यावर शिडी होती. ताकावर, नाचणीच्या आंबिलीवर, हातसडीच्या तांदळावर शिडी. कॉफीवर बारीकसा साप, लांब शेपटीचा. आणि सगळ्यांत मोठा, फणा काढलेला साप बसला होता गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर.

फासा टाकायच्या आधी सांगायचं, काल काय जेवलो. सांगितलं ते शिडीचं असेल तर एक घर पुढे. सापाचं असेल तर एक डाव बसून राहायचं.

आयांनी यावर आपल्या परीनं उपाय काढला. मुलींना पढवून पाठवू लागल्या. त्यामुळे वर्गात रोजच सण साजरा होऊ लागला.

"पायसम जेवले, अक्का!"

"वा. सांग कशाचं?"

"पांढऱ्या तांदळाचं. साखर घालून!"

"छान. बस खाली. पुढची."

"पुरणपोळी, अक्का, आणि वडे, आणि जिलेबी!"

"एवढं? तू दोन डाव बस."

श्रीमंत थापा मारणाऱ्या पोरी ओट्यावर बसून राहिल्या. कोपऱ्यातली एक गरीब मुलगी खरं सांगून भरभर वर चढली. घरी जाऊन पोरींनी आयांना धारेवर धरलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग एका सुरात आंबील जेवू लागला. आंबील आणि पाला. पाला आणि ताक. कोणी मागे हटेना.

काकांची धाकटी वसुमती त्याच वर्गात होती. तिनं छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्याकडे रोज आंबील. कधी कधी तीही पुरत नाही."

कोर्टातल्या एका सहकाऱ्यानं काकांना बाजूला घेतलं. हळू आवाजात विचारलं, घरचं सगळं ठीक आहे ना? काही लागलं तर सांगा.

त्या दिवशी काका घरी आले ते पगडी न उतरवताच राजमसमोर उभे राहिले.

"ही बाई काय करतेय?"

"खेळ शिकवते, काका."

"माझ्या घरची अब्रू रांगोळीत काढतेय. तुला मी तिथे कशाला बसवलं? बघ जरा. नीट बघ."

राजम नीट बघू लागली. आणि बघितलं की दिसू लागतं.

वैकुंठाच्या घरात पोचलेल्या मुलीला वेंकूबाई एक लाडू देत. बोराएवढा, तपकिरी, भाजल्याचा वास असलेला. मुली तो हावरटासारख्या खात. राजमनं एकदा हात पुढे केला.

"मुलींचं आहे गे ते," म्हणत वेंकूबाईंनी डब्याला झाकण लावलं.

लाडू कशाचे, हे राजमनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या सांगत्या, असं पुढे तिला वाटलं. तेव्हा मात्र वाटलं, विचारलं तर सावध होतील. कारण शाळा सुटली की वेंकूबाई रोज एक झाकणाची कडीवाली बादली घेऊन बाहेर पडत. पदराखाली झाकून. मंदिराकडे जात नसत, बाजाराकडेही नाही. खंदकाकडे वळत.

एका दुपारी राजम मागे निघाली. खंदकापलीकडे नारळीच्या झाडांत कांडपाची जागा होती. मुसळांचे आवाज लांबून येत होते. राजम एका झाडाआड थांबली. वेंकूबाई उखळाशेजारी फतकल मारून बसल्या होत्या. शाळेत त्यांना असं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. अंजलै नावाची कांडपवाली सुपात पाखडत होती. दोघी तमिळमध्ये काहीतरी बोलून खदखदा हसत होत्या. मग अंजलैनं सुपातला कोंडा ओंजळीनं बादलीत टाकला. वेंकूबाईंनी त्यातली चिमूट उचलली, वास घेतला आणि तोंडात टाकली.

कोंडा. गुरांपुढे टाकतात तो. ते लाडू कोंड्याचे होते.

ती वळणार तोच आवाज आला. "पैंजण घरी ठेवून आलीस वाटतं. ये, बाहेर ये. झाडामागे मुंग्या आहेत."

राजम पुढे आली. अंजलै तिच्याकडे बघून ओठ मुडपून हसली आणि मुसळ उचलून कामाला लागली.

"हे गुरांचं खाणं आहे, अक्का."

"हो."

"तुम्ही मुलींना देता?"

"देते. काकांना आज सांगणार की उद्या?"

"मी कशाला सांगू?"

"मग तुला इथे कशाला लावलंय? मुळाक्षरं शिकवायला बी.ए. झालेली मुलगी लागते होय? तू आलीस त्याच दिवशी ओळखलं मी. म्हणून तर लाडू दिला नाही."

इतके दिवस ती वेंकूबाईंवर नजर ठेवत होती. वेंकूबाई तिच्यावर ठेवत होत्या.

परतीच्या वाटेवर वेंकूबाईंनी सांगितलं ते असं. अंजलैची पोरं दिवसभर नारळावर चढतात, खंदकात उड्या मारतात. ती खातात उकडा तांदूळ. आपल्या गल्लीत उकडा चालत नाही. तो कोणीतरी आधी उकडलेला असतो, म्हणजे परक्या हातचा शिजलेला. म्हणून आपण कच्चा घेतो. आणि सोवळं दिसावं म्हणून तो गिरणीत सोलून सोलून पांढरा करून घेतो. भात सालीसकट उकडला तर कोंड्यातला कस दाण्यात उतरतो. न उकडता सोलला तर सगळा कस कोंड्याबरोबर जातो.

"कुंभकोणमला एका डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं, तो कस मिळाला नाही की पाय लुळे पडतात. तू सरोजाचे पाय बघितलेस?"

राजमनं बघितले होते. वर्गातली सरोजा पायरी चढताना भिंत धरायची. चालताना तिची चप्पल निसटायची आणि तिला कळायचंही नाही. राजमला वाटलं होतं, मुलगी आळशी आहे.

"मग घरी जाऊन सांगत का नाही? खेळ, लाडू, चोरून कोंडा, हे सगळं कशाला?"

"सांगितलं. भागीरथीअक्काला दारात उभं राहून सांगितलं, उकडा तांदूळ घाला, नाहीतर हातसडीचा तरी. ती म्हणाली, आमच्या पोरीला हमालाचं खाणं सांगतेस? दार लावलं तिनं."

भागीरथी म्हणजे सरोजाची आत्या. सरोजाला आई नव्हती. घर आत्याच्या मुठीत होतं.

राजमनं काकांना सांगितलं नाही. पण वेंकूबाईंवर तिचा पुरता विश्वासही बसला नाही. सगळं फारच जुळत होतं. इतकं जुळतं ते कोणीतरी जुळवलेलं असतं. रात्री ती पानातल्या पांढऱ्या भाताकडे बघत बसली. काकू म्हणाली, "खडे आहेत का गे?"

फुटायचं ते दुसरीकडूनच फुटलं. सरोजा एक दिवस वैकुंठाला पोचली. अर्धा लाडू खाऊन तिनं उरलेला कमरेला खोचला. संध्याकाळी परकर बदलताना तो आत्याच्या हाती आला. भागीरथीअक्कानं जन्मभर गोठ्यात कोंडा कालवला होता. तिनं लाडू बोटांत चुरला, नाकाशी नेला आणि तशीच गल्लीत आली.

"आंबोण! आमच्या पोरींना आंबोण चारतेय ही बाई!"

दारं उघडली. जी जेवताना लोटून घेतात तीही. चुरलेला लाडू या तळहातावरून त्या तळहातावर फिरला. प्रत्येकीनं वास घेतला. प्रत्येकीनं मान हलवली. सुंठीचा वास येतोय असं कोणीतरी म्हणाली, तिला बाकीच्यांनी गप्प केलं.

पण कोंड्यापेक्षा मोठी गोष्ट पुढे होती, आणि ती काकांनी राजमला घरात बोलावून समजावली.

"कोंडा गुरांचा असेल, पण तो धान्यच आहे. त्यानं कोणी बाटत नाही. प्रश्न आहे हाताचा. तिनं केस राखलेत. अशा बाईच्या हातचं शिजलेलं या गल्लीत कोणी तोंडात घालत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय! कोरडं भाजलेलं चालतं. लाह्या कोणाच्याही हातच्या खातो आपण. पाण्यात शिजलं की अन्न झालं. कमिटी परवा बसतेय. मी विचारणार, पाणी लागलं होतं का? तिनं एवढंच म्हणायचं, नाही, भाजला आणि गूळ कुटून वळला. संपलं. मी खेळ बंद करायला लावीन, लाडू बंद करायला लावीन, पण तिची नोकरी राहील. खोली राहील." काकांनी आवाज खाली घेतला. "तिला जायला जागा नाही गे. पापनाशमला भाऊ आहे, पण भावजय फार कडक. हे तू जाऊन सांग. माझं नाव घेऊ नकोस."

राजम गेली. वेंकूबाई पुढच्या दिवसासाठी रांगोळी चाळत होत्या. तिनं सगळं सांगितलं.

"तुझ्या काकांनी पाठवलं?"

"नाही."

"खोटं बोलता येत नाही तुला," वेंकूबाई म्हणाल्या. "बी.ए. ला शिकवत नाहीत का?"

"अक्का, एवढंच म्हणायचंय. पाणी नाही लागलं. कोण बघायला आलं होतं?"

"बघू."

"नुसतं बघू नको. म्हणा."

वेंकूबाई चाळणी आपटत राहिल्या. राजमला वाटलं, पटलं असावं. इतकं सोपं होतं ते. एक शब्द, आणि तो तपासायला जगात कोणाकडे काही नव्हतं.

कमिटी शाळेच्या दालनात बसली. जमखान्यावर पुरुष. काका मध्यभागी, शेजारी गुरुमूर्ती नावाचे म्हातारे सभासद, ज्यांना कमी ऐकू येई आणि म्हणून सगळं दोनदा सांगावं लागे. बायका आतल्या खोलीत, दाराच्या फटीशी. कोणी दिसत नव्हती, पण बांगड्या वाजत होत्या. राजम भिंतीशी उभी राहिली. वेंकूबाईंना कोणी बस म्हटलं नाही.

काकांनी वकिली सुरात सुरुवात केली. खेळ, तक्रारी, आंबील. मग लाडवावर आले.

"वेंकूबाई, हा पदार्थ कोंड्याचा?"

"हो."

"कोंडा म्हणजे धान्याचाच भाग," काका सभेकडे बघत म्हणाले. "त्याबद्दल वाद नाही."

"काय म्हणाला?" गुरुमूर्तींनी विचारलं.

"वाद नाही म्हणालो! आता सांगा, बाई. नीट विचार करून सांगा. हा कोरडा भाजून वळलेला होता. पाण्याचा स्पर्श नव्हता. बरोबर?"

आतल्या खोलीतल्या बांगड्या थांबल्या. राजम मनातल्या मनात तो शब्द म्हणत होती, जणू परीक्षेत शेजारणीला उत्तर सुचवत असावी.

"नाही," वेंकूबाई म्हणाल्या. "पाणी लागलं."

काकांच्या हातातली अडकित्ता-सुपारी तशीच राहिली. "म्हणजे चुकून थेंब..."

"थेंब नाही. गुळाचा पाक केला. त्यात कोंडा शिजवला. माझ्या चुलीवर, माझ्या हातानं."

"काय म्हणाली?"

"शिजवला म्हणाली!" काका ओरडले.

दालनात गलका झाला. राजमला पुस्तकांतल्या सगळ्या माणसांची कारणं शोधता येत असत. या एका बाईचं कारण तिला सापडेना.

आणि गलक्यातच आतल्या खोलीतून आवाज आला. चिरका, संशयी. भागीरथीअक्काचा.

"खोटं बोलतेय ती! कोंड्याला पाक धरत नाही. गोळा फुटतो. मी काय आज बघतेय कोंडा?"

सभेत बायका बोलत नाहीत. पण हा आरोप होता, आणि आरोपाला कोणी अडवलं नाही.

वेंकूबाई दाराकडे वळल्या. "चाळून घेतला नाही तर फुटतो, अक्का. बारीक चाळणीनं चाळायचा. तूस राहता कामा नये."

"चाळला तरी कडू लागतो."

"शिळा कडू लागतो. सकाळी कांडलेल्याचा त्याच दिवशी करायचा. दुसऱ्या दिवशी खवट होतो. आधी मंद भाजायचा, वास बदलेपर्यंत."

"हं. आणि पाक? कच्चा पाक घेतलास असणार."

"एकतारी. पाणी गूळ बुडेल इतकंच. कोंडा पाकात घालून झाकण ठेवायचं. कच्चा राहिला तर पोरांच्या पोटाला बाधतो. कोरडा कुटून वळलेला तर अजिबात देऊ नये. पोट दुखेल, आणि मग कोणी पुन्हा हात लावणार नाही."

"वळताना हाताला चिकटत नाही होय?" दुसरा आवाज. कोणाचा ते कळलं नाही.

"तुपाचा हात."

"सुंठ?"

"चिमूटभर. नसली तरी चालते."

पुरुष एकमेकांकडे बघत होते. गुरुमूर्ती विचारत होते, काय चाललंय, आणि कोणी सांगत नव्हतं. शेवटी काकांनी जमखान्यावर हात आपटला.

"ही सभा आहे की स्वयंपाकघर?"

आत शांत झालं. मग निकाल व्हायला वेळ लागला नाही. वेंकूबाईंनी शाळा सोडावी. खोली सोडावी. सोपानपट धुऊन टाकावा. काकांनी तो निकाल मान खाली घालून वाचला आणि राजमकडे न बघता उठून गेले.

अंगण राजमनंच धुतलं. वेंकूबाईंना ते करू द्यायचं नव्हतं तिला. रांगोळी पाण्याबरोबर वाहून ओट्याच्या कडेला पांढरी साचली. वेंकूबाई खोलीत ट्रंक भरत होत्या. भरायला फार नव्हतं.

"का?" राजमनं विचारलं. तिच्या हातातून अजून पाणी गळत होतं. "एक शब्द म्हणायचा होता."

"कोरडा म्हटलं असतं तर त्या घरी कोरडा करून बघतील. पोरींच्या पोटात दुखेल. मग म्हणतील, कोंडाच वाईट."

"कोण करणार होतं घरी? त्या आंबोण म्हणून ओरडत होत्या!"

"भागीरथीअक्का सगळ्यावर संशय घेते," वेंकूबाई म्हणाल्या. "संशय आला की ती शेवटपर्यंत विचारत जाते. मध्ये थांबत नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? ती विचारेल हे?"

वेंकूबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं. "तिकडून दाब जरा. कडी बसत नाही."

त्या उत्तर देत नाहीत, हे राजमनं लक्षात ठेवलं. पुढेही त्यांनी कधी दिलं नाही.

वेंकूबाई गाडीनं पापनाशमला गेल्या. स्टेशनवर राजमशिवाय कोणी आलं नाही. वर्ग राजमकडे आला. तिनं कोणाला काही विचारलं नाही. मुली शाळेत येत, पाठ म्हणत आणि दुपारी आपापल्या घरी जाऊन दार लोटून जेवत. आत काय चालतं ते पुन्हा झाकलं गेलं. वेंकूबाईंचं जे व्हायचं ते झालं, आणि ते कशासाठी झालं हे कळायला काही मार्ग राहिला नाही. राजमला राग येई. कोणाचा ते तिला नक्की सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी भागीरथीअक्कानं तिला गल्लीत अडवलं. पदर खोचलेला, कपाळावर आठ्या.

"तुझी ती वेंकू. एक नंबरची खोटारडी."

"काय झालं, अक्का?"

"एकतारी म्हणाली होती ना? एकतारीनं कुठे धरतं? पहिल्या दिवशी सगळा भुगा झाला माझा."

राजमनं तोंडावरची रेषही हलू दिली नाही. "मग?"

"मग काय! गूळ कमी पडला होता, पाक पुरला नाही..." भागीरथीअक्का थांबली. तिनं गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. "तू कशाला विचारतेस गे? तुला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"काकांना सांगशील."

"नाही सांगणार."

भागीरथीअक्कानं तिला नखशिखांत न्याहाळलं, विश्वास बसल्याचं काही दाखवलं नाही, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी राजम पापनाशमच्या गाडीत बसली. बाहेर भाताची खाचरं लांबपर्यंत हिरवी होती. वेंकूबाईंच्या भावाचं घर स्टेशनपासून जवळच होतं. त्या मागच्या पडवीत एकट्या बसल्या होत्या, भाजी निवडत. भावजय त्यांना चुलीजवळ येऊ देत नसे, हे सांगावं लागलं नाही. निवडलेली भाजी आतून एक हात येऊन घेऊन गेला.

राजमनं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द.

"तू स्वतः बघितलेस लाडू?" वेंकूबाईंनी विचारलं.

"नाही. दार बंद होतं."

"मग तुला कसं कळलं, केले म्हणून? अशी ती पुष्कळ बोलते."

"तीच म्हणाली, भुगा झाला."

"भुगा कोणीही सांगेल. अजून काय म्हणाली?"

"गूळ कमी पडला होता, पाक पुरला नाही. मग एकदम गप्प झाली."

वेंकूबाईंचे हात थांबले. त्या राजमकडे बघू लागल्या, जणू तिच्या चेहऱ्यावर काही लपवलेलं आहे का ते शोधत असाव्यात.

"पाक पुरला नाही, हे न करता कळत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि पुरला नाही म्हणजे दुसऱ्यांदा पुरवला असणार."

"सरोजाला मिळत असेल ना?"

"ते तू बघ. पायरी चढताना भिंत धरते का, ते बघ. विचारू नकोस कोणाला."

आतून भावजयीनं हाक मारली. हाकेत नाव नव्हतं, नुसतं "अहो, ताटं". वेंकूबाईंनी लुगड्यावरची देठं झटकली आणि त्या ताटं घासायला उठल्या.